पटावरून कमी

“नऊ?”

“हजर, मॅडम. आम्ही चौघं.”

“दहा?”

“हजर. आम्ही दोघी. पप्पा साइटवरून परस्पर बंदरावर येतील.”

“परस्पर नको. त्यांना इथेच या म्हणावं. अकरा?”

“हजर.”

“तेरा?”

आईनं अकरानंतर एकदम तेरा घेतला आणि त्या गर्दीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रार्थनेच्या हॉलमध्ये शंभरावर माणसं होती. बॅगा, ब्लँकेटं, कुणाच्या तरी घरचा प्रेशर कुकर, रडून दमलेली बाळं. समुद्राकडच्या दोन खिडक्या फुटल्या होत्या, तिथे पिल्लै सरांनी भूगोलाचे नकाशे ठोकले होते. आफ्रिकेच्या पोटातून गार वारा आत येत होता.

“मॅडम,” पिल्लै सर मागून म्हणाले, “गेटवर पोरं बंदुका घेऊन उभी आहेत आणि तुम्ही हजेरी घेताय. बोटीत चढण्याआधी प्रार्थनाही म्हणायची का?”

“म्हणायची असेल तर रांगेत म्हणा,” आई मान वर न करता म्हणाली. “चौदा?”

लोक हसले. दहा दिवसांत त्या हॉलमध्ये कुणी हसलं नव्हतं.

ही गोष्ट बेंगाझीतली, २०११च्या फेब्रुवारीअखेरची. आधी कोर्टासमोर लोक जमायला लागले, मग गोळीबार झाला, मग लष्कराची छावणी लोकांनी घेतली, आणि एका सकाळी शहरात सरकार म्हणून काही उरलंच नाही. इंटरनेट बंद होतं. फोन लागला तर लागला. भारतीय अभ्यासक्रम शिकवणारी आमची ती लहानशी शाळा. तिचे मालक पहिल्या गोळीबारानंतर दोन दिवसांत माल्टाला गेले, आणि प्रिन्सिपॉल मुलीच्या लग्नासाठी जानेवारीतच केरळात गेले होते. उरलेल्यांत सर्वांत जुनी शिक्षिका माझी आई. हेमलता सोनटक्के, गणित. बाबा गेल्यावर लातूरच्या वर्तमानपत्रातली जाहिरात बघून तिनं अर्ज केला होता आणि मला घेऊन इथे आली होती. त्याला सहा वर्षं झाली होती. मी तिच्याच वर्गात दहावीला होते. शाळेच्या फाटकाच्या आत मी तिला मॅडम म्हणायचं, असा नियम होता. तिनंच घातलेला.

वकिलातीच्या वतीनं इथली व्यवस्था बघायला सोढी नावाचे एका बांधकाम कंपनीचे मॅनेजर पुढे झाले होते. भारतीयांना इजिप्तला, अलेक्झांड्रियाला नेणारी बोट येणार म्हणून त्यांनी ठरवून दिलं होतं: कामगारांची यादी कंपन्यांनी करायची, नर्सेसची हॉस्पिटलांनी, आणि मुलांची, त्यांच्या घरच्यांसकट, शाळेनं. नर्सेसची मुलंसुद्धा शाळेच्याच यादीत. म्हणजे एक नाव दोनदा यायला नको.

आईनं यादी हजेरीपटावरून केली. प्रत्येक वर्गाचा पट उघडायचा, नंबर पुकारायचा, सोबत किती माणसं ते विचारायचं आणि लिहायचं. दहावीच्या पटावर बारा नंबरवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती, शेजारी “१४ फेब्रु. – सतत गैरहजर, पटावरून कमी”, आणि खाली सही. हे. सो.

बारा नंबर म्हणजे रेजी. रेजी कुरियन. तिची आई सोसम्मा सिस्टर हॉस्पिटलात नर्स होती. डिसेंबरात सिस्टरची बदली शंभर किलोमीटरवरच्या अल-मर्जला झाली, पण दहावीचं वर्ष म्हणून रेजी शहरातल्या नर्स क्वार्टरमध्येच राहिली. जानेवारीच्या शेवटी एक दिवस शाळा सुटताना तिनं मला फाटकापाशी गाठलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

“कावीळ आहे म्हणे. मी अम्माकडे चाललेय, महिनाभर तरी. हे मॅडमना दे. रजेचं पत्र आहे, अम्माची सही आहे. विसरू नको हं.”

मी विसरले नाही. मी ते दिलं नाही.

का, ते सांगायला फार लागत नाही. रेजी दर शुक्रवारी आमच्याकडे जादा गणितासाठी यायची. आई तिच्यासाठी संत्रं सोलून ठेवायची. एका शुक्रवारी मी चहा घेऊन आत आले तेव्हा आई तिच्या वहीवर वाकून म्हणत होती, “बघ, तुला गणित दिसतं. आमच्या मृदूला ते वाचावं लागतं.” ती काही वाईट बोलली नव्हती. खरंच बोलली होती. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. त्यानंतर पंधरवड्यानं ते पत्र माझ्या हातात पडलं आणि मी ते हिंदीच्या पुस्तकाच्या खाकी कव्हरमध्ये सरकवून दिलं. वाटलं, रजेशिवाय घरी राहिली तर मॅडमची जरा बोलणी खाईल. एवढंच. सलग पंधरा दिवस पत्राशिवाय गैरहजर राहिलं की नाव कमी होतं हे मला ठाऊक होतं, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत होतं असं वाटायचं.

हजेरी संपली. एकशे बारा माणसं. आईनं खाली रेघ मारली, शिक्का मारला, आणि बारा वाजता सोढी आले तेव्हा यादी त्यांच्या हातात दिली.

“मॅडमजी, मोत्यासारखं अक्षर,” सोढी म्हणाले. त्यांचे डोळे झोप न मिळाल्यानं लाल झाले होते. “उद्या सकाळी सात वाजता बंदर. माणशी एक बॅग. आजच बंदरावरच्या कमिटीचा शिक्का घेतो. मग बदल नाही.”

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

*

घरी आल्यावर आई बॅग भरायला बसली. तिनं आधी पुस्तकं काढून ठेवली, मग परत त्यातली दोन घेतली, मग ती पण काढली. मी बघत होते.

“तुझं स्वेटर घे. बोटीवर गार असतं.”

“आई, रेजीचं काय?”

“रेजीचं काय म्हणजे?”

“ती यादीत नाहीये.”

आईचा हात थांबला. मग तिनं घडी पूर्ण केली. “तिचं नाव कमी झालंय.”

“तिनं पत्र दिलं होतं. रजेचं. माझ्याजवळ दिलं होतं.” मी एका दमात म्हणाले. “मी विसरले.”

तिनं हात पुढे केला. मी कव्हरमधून पत्र काढून दिलं. तिनं ते वाचलं, तारीख पुन्हा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मला वाटलं आता ती मारेल. तिनं मला कधी मारलं नव्हतं, पण त्या वेळी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली आणि चप्पल घालायला लागली.

“फरजला हाक मार. खाली असेल.”

फरज आमच्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, जाडजूड, सतत शेंगदाणे खाणारा. तिकडच्या रिवाजाप्रमाणे तो शिक्षिकेला “अब्ला” म्हणायचा. मराठीत त्याचा काय अर्थ होतो ते आईनं त्याला एकदा सांगितलं होतं. त्यानं आईकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हटलं होतं, तुमची भाषा चुकतेय.

“अल-मर्ज? आज?” तो म्हणाला.

“आज. संध्याकाळच्या आत परत.”

“अब्ला, वाटेत पाच ठिकाणी अडवतील.”

“अडवू दे. तुझ्याजवळ पेट्रोल आहे का तेवढं सांग.”

पेट्रोल होतं. मला घरी ठेवायचं की न्यायचं याचा तिनं जिन्यात उभं राहून क्षणभर विचार केला असावा. मग म्हणाली, “तूही चल. तिला तूच सांग.”

वाटभरात ती बोलली ते एवढंच. शहराबाहेर पडलं की घाट लागतो आणि वर गेलं की सगळं हिरवं, आपल्याकडे पौषात असतं तसं गव्हाचं रान. रस्त्यावर जागोजागी ड्रम आडवे टाकलेले. चौकीवरची माणसं फरजशी तावातावानं बोलायची, मग त्यानं “मुदर्रिसा, मुदर्रिसा” म्हटलं की आत डोकावून बघायची. शिक्षिका. एका चौकीवर म्हाताऱ्यानं मला विचारलं, इंग्रजीत, “स्कूल फिनिश?” मी मान हलवली. त्यानं आईच्या मांडीवर चार संत्री ठेवली. आईनं ती मागे माझ्याकडे दिली. ती माझ्यानं सोलवली नाहीत.

मी मनात वाक्य जुळवत होते. रेजी, तुझं पत्र माझ्याकडून राहिलं. रेजी, सॉरी. आम्ही दोघी बोलायचो त्या हिंदीत ते फार सोपं वाटत होतं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा बदलत होते.

*

हॉस्पिटलच्या अंगणात तंबू ठोकले होते. आत जमिनीवरही गाद्या. सोसम्मा सिस्टर आम्हाला जिन्याखाली भेटल्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पांढऱ्या कोटाचा पांढरा रंग गेलेला.

“मॅडम? तुम्ही इथे कशा?”

“उद्या बोट आहे, सिस्टर. तुम्हाला आणि रेजीला न्यायला आलेय.”

“मला?” त्या हसल्या. “मला कुठे नेता? आम्ही सात जणी होतो, चार उरलोय. वर बत्तीस पेशंट आहेत. त्यातला एक रात्री मला आई म्हणाला. मी त्याला टाकून बोटीत बसून काय करू, समुद्र बघू?” मग आवाज खाली आला. “पण रेजी शाळेच्या यादीत आहे ना? आमच्या इथून विचारायला गेले तर म्हणाले, मुलं शाळेच्या यादीत. मी म्हटलं मग निरोप येईल. आठवडा झाला, मॅडम. रोज गेटवर जाऊन बघते.”

मी भिंतीकडे बघत होते.

“रेजीला बोलवा,” आई म्हणाली.

“आणि आमच्यातल्या लिसीला न्या. तिला आठवा महिना आहे. तिचं विमानाचं तिकीट होतं, म्हणून नर्सेसच्या यादीत नाव घातलं नव्हतं, आणि आता विमानतळच नाही.” सिस्टरनी आईचा हात धरला. “दोघींना न्या. माझं मी बघेन. मी मोठी बाई आहे.”

रेजी आली. इतकी बारीक झाली होती की आधी मला ओळखू आली नाही. डोळे आता पिवळे नव्हते, नुसतेच मोठे दिसत होते. मी पुढे झाले. जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण आईनं माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं.

“थांब इथे,” ती म्हणाली, आणि रेजीला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला गेली.

मला लांबून दोघी दिसत होत्या. आई बोलत होती, रेजी ऐकत होती. मध्येच रेजीनं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं. सांगून टाकलं. तूच सांग म्हणाली होती, आणि मला तेवढंही करू दिलं नाही.

रेजी परत आली ती सरळ माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले.

“मृदू, माझं गणिताचं पुस्तक शाळेत राहिलंय,” ती म्हणाली. “बोटीवर तुझ्यात बघेन हं.”

निघताना सोसम्मा सिस्टर व्हॅनच्या खिडकीशी आल्या. रेजीच्या गालाला हात लावून “मोळे” म्हणाल्या, त्यांच्याकडे मुलीला म्हणतात तसं, आणि पाठ फिरवून आत गेल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी त्यांना ओरडून बोलावत होतं.

दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो.

*

सकाळी बंदरावर पाऊस भुरभुरत होता. बोट मोठी होती, पण माणसं तिच्याहून जास्त. हातात काठ्या आणि खांद्यावर बंदुका घेतलेली कमिटीची माणसं रांगा लावत होती. सोढींच्या गळ्यात शिट्टी होती आणि आवाज पार बसला होता.

आईनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. सोढींनी ऐकून घेतलं, रेजीकडे बघितलं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लिसीच्या पोटाकडे बघितलं, आणि पगडीवरून हात फिरवला.

“मॅडमजी, माझ्या मुलीची शपथ, माझ्या हातात असतं तर दहा घेतली असती. बोटीचा आकडा भरला आहे. ही कमिटीवाली माणसं शिडीवर एकेक डोकं मोजताहेत. तुमचे एकशे बारा म्हणजे एकशे बारा. एकशे तेरावा दिसला की तुमची अख्खी शाळा बाजूला काढतील. काल एका कंपनीचं तेच केलं.”

“दुसरी बोट?”

“येईल म्हणतात. परवा, तेरवा. मी नाही वचन देत.”

“ही मुलगी आजारातून उठलीय. आणि ती बाई तेरवापर्यंत थांबू शकत नाही.”

“मला दिसतंय, जी.”

आईनं शिडीकडे बघितलं. “आकडा तोच राहिला आणि नाव बदललं तर?”

“तर काय! नावं कोण वाचतंय? पण कुणाला उतरवणार तुम्ही? कोण उतरेल?”

आईनं यादी मागितली. फळी नव्हती म्हणून बॅगेवर ठेवली. पर्समधून तांबडं पेन काढलं. दहावीच्या मुलांत तेवीस नंबर मी होते. तिथे तिनं आडवी रेघ मारली, वर रेजी कुरियन लिहिलं, शेजारी सही केली. मग शेवटच्या पानावर, शिक्षकांत, स्वतःच्या नावावर तशीच रेघ. लिसी. सही. परीक्षेच्या गुणपत्रिकेत दुरुस्ती करतात तितक्या काळजीनं.

“आई!” मी ओरडले. शाळेच्या सगळ्या लोकांसमोर.

“हळू बोल.”

“माझं नाव का? मी का?”

“मग कुणाचं खोडू? अकरा नंबरचं?” ती म्हणाली. “मला दोन नावं खोडायचा अधिकार आहे. ती दोनच.”

रेजी रडायला लागली. “मॅडम, नको. मी अम्माकडे परत जाते. मॅडम, प्लीज.”

“रांगेत उभी राहा,” आई म्हणाली. “लिसीचा हात धर. शिडी ओली आहे.”

पिल्लै सर पुढे आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. आईनं त्यांच्या हातात सगळ्या वर्गांचे पट दिले. “अलेक्झांड्रियाला उतरल्यावर एकदा हजेरी घ्या.” ते नेहमी काहीतरी टोमणा मारायचे. त्या वेळी त्यांनी नुसते पट छातीशी धरले.

शिडीवरचा माणूस मोजत होता. आकडे अरबीत होते, पण शेवटचा मला कळला. एकशे बारा.

*

घराची किल्ली फरजकडे दिली होती, ती परत घेतली. आईनं भरलेली बॅग उघडली, तळातून पातेलं काढलं आणि चहा टाकला. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

“तू मला शिक्षा केलीस,” मी म्हणाले.

“नाही.”

“केलीस. तुला ती जास्त आवडते. आधीपासूनच.”

बराच वेळ चहा उकळण्याचा आवाज येत राहिला. मग तिनं गॅस बंद केला आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसली. कप माझ्या जवळ ठेवला. स्वतःसाठी घेतला नव्हता.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“रेजीला कावीळ झालीय ते. क्वार्टरमधल्या एका सिस्टरनं पावाच्या दुकानात सांगितलं होतं. नाव कमी केलं त्याच्या आठ दिवस आधी.”

मी उठून बसले.

“मग का कमी केलंस?”

“कागद नव्हता.” ती आपल्या हातांकडे बघत होती. “पंचवीस वर्षं मी हेच सांगत आले, कागदाशिवाय रजा नाही. एकाला सूट दिली की सगळे मागतात. चौदा तारखेला पट पुढे घेतला तेव्हा वाटलं, निरोप पाठवून पत्र मागवावं. मग वाटलं, मी का मागवू? त्यांना गरज आहे, ते देतील. रेघ मारली.”

“पण पत्र तर माझ्याकडे…”

“तुझ्याकडून पत्र राहिलं. पत्र राहतं. शाळेत वर्षाला वीस पत्रं कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात राहतात. ठाऊक असलेली गोष्ट राहत नाही, मृदू. ती आपण बाजूला ठेवतो.” तिनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. “चहा पी. गार होईल.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं की माझ्याकडूनही ते राहिलं नव्हतं. ती बसली होती. दार बंद होतं. दुसरं कुणी नव्हतं. मी चहा प्यायले.

दुसरी बोट आमच्या वाट्याला आली नाही. दहाव्या दिवशी फरजनं आम्हाला व्हॅननं इजिप्तच्या सरहद्दीवर सोडलं. त्यानं आईला शेंगदाण्याची पुडी दिली आणि म्हणाला, “अब्ला, तुमची भाषा दुरुस्त करा.” तिथून कैरो, मुंबई, लातूर. माझी दहावीची परीक्षा बुडाली, एक वर्ष गेलं. रेजीनं त्याच वर्षी कोट्टायमला परीक्षा दिली आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवले. सोसम्मा सिस्टर जूनमध्ये घरी परतल्या. लिसीला मुलगा झाला, त्याचा फोटो आला होता. मी तो फार दिवस बघितला नाही.

आई लातूरला परत एका शाळेत लागली, निवृत्त झाली. तिनं त्या दिवसांबद्दल पुन्हा काही काढलं नाही, आणि मीही नाही. आम्हा दोघींमध्ये भांडण असं कधी झालं नाही. फक्त मी पुण्याला राहायला गेले ती राहिलेच. फोन केला की ती हवा विचारायची. मी हवा सांगायचे.

गेल्या आषाढात ती गेली. तेराव्याला तिच्या शाळेतले लोक आले होते. जो तो एकच सांगत होता: सोनटक्के बाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. मी सगळ्यांना हो म्हणत होते.

त्यानंतर काही दिवसांनी रेजीचा फोन आला. ती आता मस्कतला एका शाळेत गणित शिकवते. आमचं बोलणं वर्षातून एकदा, नाताळात, तेही लिहून. तिचा आवाज मी खूप वर्षांनी ऐकला.

“मला आजच कळलं,” ती म्हणाली. आम्ही लहानपणी बोलायचो तेच मोडकंतोडकं हिंदी. “मृदू, तुला एक सांगू? त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मॅडमनी माझी माफी मागितली होती. व्हरांड्यात. तू लांब उभी होतीस.”

“माफी?”

“हो. म्हणाल्या, तुझं पत्र मला त्याच दिवशी मिळालं होतं, मृदूनं आणून दिलं होतं. मी ते वहीत ठेवलं आणि नोंद करायची राहिली. माझी चूक. मी म्हटलं, नाही नाही मॅडम, असं नका म्हणू. आता मी स्वतः पट भरते तेव्हा कितीदा ते आठवतं. एवढ्या मोठ्या बाई, आणि सोळा वर्षांच्या पोरीपुढे… माझ्या पोरांना मी सांगते, चूक कबूल कशी करायची ते मी कुणाकडून शिकले.”

मी खिडकीपाशी उभी होते. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

मी गप्प राहिले तर आई दोषी राहत होती. बोलले तर खोटी ठरत होती. लातूरला तेराव्याला जमलेल्या सगळ्या माणसांसमोर खोटी. आणि तिनं ते खोटं सांगितलं होतं तेव्हा तिचा समज काय होता? की मी विसरले? की पत्र मी मुद्दाम ठेवून घेतलं तेही तिला ठाऊक होतं, आणि ते तिनं बाजूला ठेवलं नव्हतं, उचलून स्वतःच्या अंगावर घेतलं होतं? आता ते विचारायला कुणी नाही.

“रेजी,” मी म्हणाले, “ते पत्र आईपर्यंत पोचलंच नव्हतं. मी दिलं नव्हतं.”

“विसरलीस?”

“नाही. विसरले नव्हते.”

पलीकडून एक विचित्र आवाज आला. हसण्याचा होता की कशाचा, ते कळलं नाही.

“मॅडम खोटं बोलल्या?” ती म्हणाली. “मॅडम? तेही इतकं नीट, वहीबिही घालून?”

“हो.”

“मी जरा फोन ठेवते. उद्या करते.”

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी भर दुपारी आला, मागे वर्गाचा गोंगाट ऐकू येत होता. तिनं दार लोटल्याचा आवाज आला आणि गोंगाट कमी झाला.

“हां, बोल,” रेजी म्हणाली. “माझ्याकडे एक तास आहे. मॅडमचं नको. तुझं सांग.”